तोरू दत्त
कलकत्त्यास गोविनचंद्र दत्त यांचे घरीं इ. स. १८५६ त तोरूचा जन्म झाला. १८६२ त ह्या कुटुंबानें बाप्तिस्मा घेतला. १८६९ त, तेरा वर्षांची असतां, ती आईबाप व थोरली बहीण अरू यांजबरोबर समुद्रापार गेली. फ्रान्सांत नीस शहरीं ती फ्रेंच भाषा शिकली. पुढें केंब्रिज येथें स्त्रियांकरितां होणारीं व्याख्यानें तिनें ऐकलीं. १८७३ त सर्वजण स्वदेशीं परतले. पुढल्याच वर्षीं अरू क्षयानें वारली.

दूरदेशीं शिकलेली ही ख्रिस्ती मुलगी आपल्या देशास परकी झाली नाहीं. दुःखांतहि तिनें संस्कृताचा अभ्यास आरंभिला व सावित्री, ध्रुव यांच्या कथा इंग्रजी काव्यांत गोंविल्या. १८७७ त, एकविसाव्या वर्षीं, क्षयानेंच तिला नेलें. तीं काव्यें १८८२ त छापून निघालीं.

वाचकहो, लेकरांस विद्येसाठीं दूर धाडतांना तोरूचें स्मरण असूं द्यावें.