डॉ. थॉमस आर्नोल्ड

शाळेंत नव्यानें आलेल्या मुलास काय दुःख आहे, हें शिक्षकांस पुष्कळदां सर्वांच्या शेवटीं कळतें. शेजारच्या बांकावरील मुलास तें पहिल्याच दिवशीं कळतें. ही गोष्ट ओळखून शाळा चालविणारे एक थोर शिक्षक इंग्लंडांत होऊन गेले. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

थॉमस आर्नोल्ड यांचा जन्म १३ जून १७९५ रोजीं वाइट बेटावर झाला. विंचेस्टरच्या शाळेंत व ऑक्सफर्ड येथें त्यांचें शिक्षण झालें. लेलहॅम गांवीं कांहीं वर्षें खासगी विद्यार्थी शिकविल्यावर १८२८ सालीं ते रग्बी शाळेचे मुख्याध्यापक झाले.

त्या काळीं तेथील अशा शाळांत मोठीं मुलें लहानांकडून चाकरी करून घेत व त्यांचा छळही करीत. आर्नोल्ड यांनीं मोठ्यांचा अधिकार काढून घेतला नाहीं. त्याला कर्तव्याची जोड दिली. सर्वांत वरच्या, म्हणजे सहाव्या वर्गास ते स्वतः शिकवीत, आणि शाळेची अब्रू त्या मुलांच्याच हातीं आहे, हें त्यांच्या मनावर बिंबवीत. मुलांच्या शब्दावर त्यांचा इतका भरंवसा असे कीं, त्यांच्यापाशीं खोटें बोलण्याची मुलांस लाज वाटे. तथापि एकदां खरें बोलणाऱ्या मुलास खोटा ठरवून त्यांनीं कडक मार दिला. चूक उमगल्यावर ती कबूल करून त्यांनीं क्षमा मागितली.

१२ जून १८४२ रोजीं, सत्तेचाळिसावें वर्ष पुरें होण्यास एक दिवस उरला असतां, हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. त्यांचे विद्यार्थी थॉमस ह्यूज यांनीं १८५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कादंबरींत टॉम ब्राउन नांवाचा खोडकर मुलगा एका भित्र्या सोबत्याची काळजी वाहतां वाहतां स्वतःच सुधारतो, असें दाखविलें आहे.

आर्नोल्ड यांनीं वरच्या वर्गाच्या हातीं छडी राहूं दिली, हा दोष आम्हांस दिसतो. छडी बाळगणाऱ्यापाशीं लहान मूल मन मोकळें कसें करील? हल्लीं कित्येक शाळांत निवडक विद्यार्थ्यांस सोबत्यांचें ऐकून घेण्याचें शिक्षण देतात. त्यांच्या हातीं छडी नसते. आणि जें त्यांच्या आवांक्याबाहेरचें, तें त्यांनीं शिक्षकांस कळवावयाचें असतें.

विद्यार्थ्यांनो, मधल्या सुट्टींत जो एकटा बसतो, त्याच्याजवळ आज जाऊन बसा. पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलांच्या गुणांबरोबर त्यांच्या सोबत्यांचीही विचारपूस करावी.