रिंगणाचा धनी : विष्णुपंत छत्रे

धावत्या घोड्याच्या पाठीवर माणसाला उभे राहायचे असेल, तर घोड्याने सरळ रेषेत धावून चालत नाही. त्याने वर्तुळात आणि एकाच गतीने धावावे लागते. वर्तुळात धावणारा घोडा आतल्या बाजूला किंचित कलतो, स्वारही त्याच्याबरोबर कलतो, आणि बाहेर फेकू पाहणारी ओढ त्याला पाठीवर पाय रोवून ठेवण्यास साहाय्य करते. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप ॲस्टली या निवृत्त घोडेस्वार सैनिकाने या तत्त्वावर आपले खेळ सुरू केले. पुढे ४२ फूट व्यासाचे रिंगण जगभरच्या सर्कशींचे माप ठरले. हेच रिंगण हिंदुस्थानात हिंदी माणसांच्या मालकीचे, हिंदी कसरतपटूंचे आणि हिंदी घोड्यांचे करून दाखविणारा पुरुष कृष्णाकाठच्या एका खेड्यात जन्मला होता. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे त्यांचे नाव.

आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप हे त्यांचे जन्मगाव. दत्तस्थान म्हणून प्रसिद्ध असलेले औदुंबर तेथून जवळच आहे. १८४० च्या दशकातला त्यांचा जन्म. ब्राह्मण घरातील मुलाने चार बुके शिकून एखाद्या संस्थानी कचेरीत चिकटावे, ही त्या काळची रीत. या मुलाला मात्र दोनच गोष्टींचे वेड होते, घोडा आणि गाणे. दोन्हींसाठी त्याने वाट धरली ती ग्वाल्हेरची. शिंद्यांच्या त्या राजधानीत अश्वविद्येचे जाणकार होते आणि ख्यालगायकीचे आद्य आचार्य हद्दूखाँही होते. छत्र्यांनी दोन्ही दारे ठोठावली. तबेल्यात घोडा वळविण्याचे शिक्षण घेतले आणि हद्दूखाँसाहेबांपुढे गाण्यासाठी बसले. गवई म्हणून त्यांचे नाव झाले नाही. तरीही या तालमीतून जडलेले नाते त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात अनपेक्षित रीतीने फळास आले. ती हकिकत पुढे येईलच.

दक्षिणेत परतल्यावर पटवर्धनांच्या कुरुंदवाड संस्थानात त्यांना आश्रय मिळाला. चाबूकस्वार हा शब्द आता विस्मरणात गेला आहे. घोड्याला चाल शिकविणे, त्याची खोड मोडणे, त्याला बंदुकीच्या बाराला आणि गर्दीच्या कोलाहलाला सरावविणे हे चाबूकस्वाराचे काम. पदाच्या नावात चाबूक असला, तरी ही विद्या मुख्यत्वे चिकाटीची आहे. भ्यालेला घोडा काही काळ आज्ञा पाळतो आणि नेमक्या वेळी दगा देतो, हे प्रत्येक जाणत्या चाबूकस्वाराला ठाऊक असते. छत्र्यांच्या पुढील कारभाराची बैठक या तबेल्यात घडली.

१८७९ साली ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन सर्कसमालकाचा तळ मुंबईत पडला. रॉयल इटालियन सर्कस हे त्याच्या मंडळीचे नाव. कुरुंदवाडचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन हे खेळ पाहावयास गेले, तेव्हा छत्रे त्यांच्यासोबत होते. हिंदुस्थानात स्वतःची सर्कस नाही आणि ती उभी राहण्यास अजून बराच काळ लागेल, अशा आशयाचे उद्गार कियारिनीने काढले आणि छत्र्यांनी ते आव्हान समजून उचलले. पैज कोणत्या अटींवर लागली, याच्या हकिकती निरनिराळ्या आहेत. हजार रुपये, एक घोडा आणि सहा महिन्यांची मुदत, ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित. छत्र्यांनी मुदतीपूर्वीच कुरुंदवाडास खेळ करून दाखविले, असेही सांगितले जाते. पैजेची गोष्ट रंगतदार खरी, पण तिच्यामुळे एक महत्त्वाचा मुद्दा झाकोळला जातो. कियारिनीचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. दोरीवर चालणारे डोंबारी, उंच उड्या मारणारे कोल्हाटी, साप खेळविणारे गारुडी आणि मलखांबावर अंग लवविणारे पहिलवान या देशात गावोगाव होते. उणीव कौशल्याची नव्हती. ही सारी माणसे एका तंबूखाली, एका वेळापत्रकात, एका पगारपत्रकावर आणणारी व्यवस्था येथे नव्हती. छत्र्यांनी निर्माण केली ती ही व्यवस्था.

२० मार्च १८८० रोजी मुंबईत त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला जाहीर खेळ झाला. स्वतः छत्रे घोड्यावरील कसरती करीत. त्यांच्या पत्नी झुल्यावरील कसरतींसाठी रिंगणात उतरत. ज्या काळात प्रतिष्ठित घरातील स्त्री नाटक पाहावयास जाणे हादेखील चर्चेचा विषय होई, त्या काळात मालकाची पत्नी हजारो डोळ्यांसमोर उंच झुल्यावरून झेप घेते, हे किती धाडसाचे होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. त्यामागे कारभाराचे शहाणपणही असावे. स्वतःच्या घरातील माणूस ज्या दोराला लोंबकळणार, तो दोर मालक रोज तपासल्यावाचून राहत नाही.

सर्कस हे अनेक अंगांनी चालते गावच असते. घोड्यांना दाणावैरण आणि खरारा करणारे मोतद्दार लागतात. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी बदलावे लागत असल्याने नालबंद लागतो. कनाती शिवणारे, खांब उभारणारे, दोर वळणारे, दिवे पेटविणारे, वाजंत्री, तिकिटे फाडणारे, आचारी, हिंस्र जनावरांचे रखवालदार आणि पुढच्या गावी आगाऊ जाऊन मैदान, पाणी, परवाना यांची तजवीज करणारा माणूस, इतका फाटा प्रत्येक मुक्कामी सांभाळावा लागतो. खेळ होवो वा न होवो, जनावरांचे पोट थांबत नाही. पावसाळ्यात तर मैदाने चिखलाने भरतात, तंबू भिजून जड होतो, दोर फुगतात आणि प्रेक्षक घरीच बसतात. उत्पन्न आठ महिन्यांचे आणि खर्च बारा महिन्यांचा, हे या धंद्याचे मूळ दुखणे. आजच्या मनोरंजन उद्यानांत मोठा पाळणा सुरू करण्यापूर्वी सकाळी त्याचे बोल्ट, साखळ्या आणि ब्रेक तपासले जातात. सर्कशीतही त्याच काटेकोरपणाने खांबांच्या मुळ्या, ताण्यांच्या खुंट्या, झुल्याच्या कड्या आणि घोड्यांचे खूर पाहावे लागतात. एक फरक मात्र मोठा आहे. यंत्राला मन नसते. घोड्याला असते आणि झुल्यावरच्या मुलालाही असते. आदल्या रात्री ज्याची झोप झाली नाही, तो कसरतपटू आपल्या साथीदाराचे मनगट अर्धा क्षण उशिरा पकडतो. उंचीवर तेवढा उशीर पुरेसा ठरतो.

अशी मंडळी देशभर फिरविणे शक्य झाले ते आगगाडीमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून उत्तरेकडे जाणारा मार्ग १८७० साली अलाहाबादपर्यंत जोडला गेला होता. त्यावरील खंडव्यापासून इंदूरपर्यंतचा फाटा त्याच दशकात झाला. त्यासाठी महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले होते. देशी संस्थानिक सावकार आणि इंग्रज सरकार ऋणको, असा तो दुर्मीळ प्रसंग. मुंबईकडील मार्ग रुंद आणि होळकरांचा मार्ग मीटर मापाचा असल्याने इंदूरकडे जाणारा प्रत्येक डाग खंडव्यास एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. व्यापाऱ्याच्या गाठोड्यांना त्याचे काही वाटत नाही. सर्कशीचे खांब, पिंजरे आणि बुजरे घोडे घेऊन हीच उलथापालथ करायची, तर ती पूर्ण दिवसाची मोहीम होते. तथापि होळकर, शिंदे, गायकवाड यांसारख्या दरबारांची गावे सर्कशीसाठी अत्यंत मोलाची होती. तेथे घोड्याची कदर करणारा प्रेक्षक होता, मराठी बोलणारी वस्ती होती आणि दरबारी बिदागीची आशा होती.

छत्र्यांची सर्कस उत्तर हिंदुस्थानात फिरली, दक्षिणेत उतरली, समुद्र ओलांडून सिलोन आणि आग्नेय आशियापर्यंत गेली. या साऱ्या प्रवासात सर्वांत दूरगामी ठरला तो मलबारातील तेल्लिचेरीचा मुक्काम. साल होते १८८७. तेथे कीलेरी कुन्हिकण्णन हे व्यायामविद्या आणि कळरीपयट्टू यांचे शिक्षक होते. तंबूखाली जे चालले आहे, ते आपल्या विद्यार्थ्यांनाही करता येईल, हे त्यांनी ओळखले. छत्र्यांनाही नव्या दमाची माणसे हवीच होती. दोघांचा मेळ बसला आणि तेल्लिचेरीत तयार झालेले कसरतपटू सर्कशीत येऊ लागले. पुढे १९०१ साली कुन्हिकण्णन यांनी चिराक्करा येथे सर्कशीचे स्वतंत्र शिक्षणालय काढले. त्यांच्या शिष्याने, परियाली कण्णन याने, १९०४ साली मलबार ग्रँड सर्कस उभी केली आणि विसाव्या शतकात भारतीय सर्कस ही बव्हंशी केरळीय माणसांची झाली. मडगाव-म्हापशाच्या मैदानांवर पडलेले तंबू ज्यांनी बालपणी पाहिले आहेत, त्यांना रिंगणातील ती मल्याळी नावे आठवतील. या परंपरेचा पहिला धागा अंकलखोपच्या या पुरुषाच्या हातून निघाला, हे केरळात जितके आवर्जून सांगितले जाते, तितके महाराष्ट्रात क्वचितच.

घराजवळही त्यांचे अनुकरण झाले. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस, तासगावच्या परशुराम माळी यांची सर्कस, अशी एकामागून एक मंडळी निघाली आणि सांगली-मिरजेचा टापू सर्कशींचे माहेरघर म्हणून ओळखला जाऊ लागला. उसाच्या आणि हळदीच्या या मुलखात त्याच काळात संगीत नाटकही बहरत होते. तंबू, पडदे, बिऱ्हाड, उधारी, बिदागी, सारे दोन्हींना समान. नाटक कंपन्यांचा इतिहास मराठीत भरभरून लिहिला गेला, सर्कशींच्या वाट्याला मात्र आठवणींची दोन-चार पुस्तके आली. नटाला लेखक मित्र असतो, चाबूकस्वाराला तो सहसा नसतो.

छत्र्यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना त्यांच्या काळाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वाघ-सिंहांचे खेळ ही त्या सर्कशींची शान होती. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या प्रदर्शनावर बंदी घातली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास लावण्यास मज्जाव केला. अंग लवचीक असते ते कोवळ्या वयात, म्हणून मुलांना लहानपणीच तालमीत घालण्याची रीत शंभर वर्षे चालली. कित्येकांना तिने दारिद्र्यातून वर काढले आणि कित्येकांचे बालपण खर्ची घातले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी फिटत नाही.

ग्वाल्हेरचे ते जुने नाते पुढे कसे फळले, ते आता पाहावयाचे. हद्दूखाँ १८७५ साली निवर्तले. त्यांचे पुत्र रहिमतखाँ यांचा गळा असामान्य होता, परंतु मनाचा तोल ढळला होता आणि अफूने शरीर पोखरले होते. गुरुपुत्र काशीत विपन्नावस्थेत भटकत आहेत असे छत्र्यांना आढळले, तेव्हा त्यांनी खाँसाहेबांना आपल्या मंडळीत आणून ठेवले. घोडे, झुले आणि पिंजरे यांच्या त्या तळावर रहिमतखाँचे बिऱ्हाड झाले. सर्कस ज्या गावी जाई, तेथे त्यांच्या बैठकी होऊ लागल्या. वेळी-अवेळी हरवणाऱ्या, भलत्या वेळी गप्प होणाऱ्या आणि लहर लागली की स्वर्गीय गाणाऱ्या या माणसाला सांभाळणे हे कोणत्याही जनावराला वळविण्याहून अवघड होते. त्यांच्यासाठी माणूस नेमावा लागे, अफूचे प्रमाण राखावे लागे, कलाने घ्यावे लागे. तबेल्यात शिकलेली चिकाटी येथे कामी आली असेल, तर नवल नाही. भूगंधर्व म्हणून नावाजलेल्या या गवयाचे गाणे दक्षिणेने ऐकले ते सर्कशीच्या आश्रयामुळे. त्यांच्या सुरेलपणाचा ठसा अब्दुल करीमखाँ यांच्या गायकीवर उमटला, आणि तेथून तो किती कंठांत पोहोचला, हे संगीतरसिकांस सांगावयास नको.

सर्कशीचा कारभार छत्र्यांनी आपले बंधू काशिनाथपंत यांच्याकडे सोपविला होता. मालकाच्या हयातीतच कारभार दुसऱ्या हाती जावा आणि मंडळी फुटू नये, हे त्या धंद्यात विरळच. अनेक मराठी सर्कशी पहिल्या पिढीतील भाऊबंदकीत वा कर्जात संपल्या. १९०५ साली इंदूर येथे विष्णुपंतांचे देहावसान झाले. त्यानंतर रहिमतखाँ यांचा भार काशिनाथपंतांनी उचलला. खाँसाहेब कुरुंदवाडास राहिले, उतारवयात त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि १९२२ साली तेथेच, छत्र्यांच्या आश्रयाखाली, त्यांनी देह ठेवला.