आधी वार कोणाचा?

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक खून झाला. रेक्टर मॅडमनी घाबरू नये, खून कागदावरचा होता! मेला तो माझ्या रूममेटचा जादूगार. पाचव्या लेव्हलचा, पाच महिने जिवापाड जपलेला. नियमाप्रमाणेच मेला, पण खेळ मी चालवत होते, त्यामुळे पाप माझ्या माथ्यावर. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मेसमध्येसुद्धा दुसऱ्या टेबलावर बसायची. त्या आठ दिवसांत मी एकच उद्योग केला. हा नियम लिहिणारा माणूस कोण, ते शोधून काढलं. (मी कॉन्व्हेंटवाली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं पाप मात्र संपादकांच्या माथ्यावर.)

त्याचं नाव गॅरी गायगॅक्स. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ ज्या दोघांच्या डोक्यातून निघाला, त्यांतला एक. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण गोष्ट चालवतो आणि काय होणार हे फासे ठरवतात. कॉम्प्युटरवर आपण जे लेव्हल, हिट पॉइंट वगैरे बघतो, त्यातलं बरंचसं इथून आलेलं आहे.

गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, एके काळी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये व्हायोलिन वाजवायचे. मुलगा आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या छोट्या गावात आलं आणि तो जन्मभर त्याच गावाचा होऊन राहिला. वाचन अफाट, पण शाळा अर्धवट सोडलेली. (हे वाक्य आमच्या बाबांनी वाचू नये.) पुढे शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर झाला. म्हणजे दिवसभर काम काय, तर कोणाच्या बाबतीत काय वाईट घडू शकतं आणि किती शक्यतेने, याचे तक्ते बघायचे. त्याची पुस्तकं उघडली की तक्तेच तक्ते का दिसतात, ते मला इथे कळलं.

रात्री आणि सुट्टीत मात्र तो शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायचा. १९६८ मध्ये त्याने गावातला हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. तो जेनकॉन आजही दरवर्षी भरतो. १९७० मध्ये नोकरी गेली. घरात पाच मुलं, आणि हा तळघरात बसून लोकांचे बूट दुरुस्त करतोय आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहितोय. आपल्याकडे अशा माणसाला नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असतं, कल्पना करा.

त्यातूनच १९७१ मध्ये जेफ पेरनबरोबर चेनमेल हे मध्ययुगीन लढाईचं नियमपुस्तक आलं. मागे एक पुरवणी होती, तीत ड्रॅगन आणि जादूगार. चेनमेलमध्ये एक बाहुली म्हणजे वीस सैनिक आणि एक पाळी म्हणजे एक मिनिट. हा मिनिट लक्षात ठेवा, माझ्या रूममेटचा जादूगार शेवटी त्यानेच मारला.

मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन चेनमेल घेऊन काहीतरी वेगळंच करत होता. वीस सैनिकांच्या जागी एकच माणूस, आणि तो तळघरात उतरतो. १९७२ मध्ये त्याने तो खेळ लेक जिनिव्हाला येऊन दाखवला. गायगॅक्सने लगेच स्वतःचा किल्ला रचला, ग्रेहॉक. त्यात पहिल्यांदा उतरली त्याचीच दोन मुलं, अर्नी आणि एलिस. गंमत म्हणजे मुलींना अशा खेळांची उपजत ओढ नसते, असं हे महाशय पुढे अनेकदा बोलले आणि त्यावर ठाम राहिले. पहिल्या दोघांत स्वतःची मुलगी असून! आमच्या विंगमधल्या पाच जणींनी हे वाचून त्याला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे छापता येणार नाहीत.

ऑक्टोबर १९७३ मध्ये बालमित्र डॉन केबरोबर टीएसआर ही कंपनी निघाली आणि जानेवारी १९७४ मध्ये खेळाच्या १००० प्रती. त्या तीन छोट्या पुस्तिकांत लढाईत कोण कधी वार करतो, हे जवळजवळ सांगितलेलंच नव्हतं. त्यासाठी चेनमेल बघा, नाहीतर तुमचं तुम्ही ठरवा, असा कारभार. लोकांनीही ठरवलं. प्रत्येक गावाचा नियम वेगळा, अगदी आपल्या गल्ली क्रिकेटसारखा, जिथे एक टप्पी आउट की नाही हे बिल्डिंगवर अवलंबून असतं. सुरुवातीला गायगॅक्सला हे आवडायचं. पण खेळ वाढला, मेळाव्यांत स्पर्धा होऊ लागल्या, रोज पत्रं येऊ लागली. मग तो बदलला. १९७७ ते १९७९ या काळात त्याने ॲडव्हान्स्ड आवृत्तीची तीन जाड पुस्तकं लिहिली आणि सगळ्यांनी हेच नियम पाळावेत असा आग्रह धरला. त्यांवर आर्नेसनचं नाव नव्हतं. १९७९ मध्ये तो रॉयल्टीसाठी कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. या प्रकरणात मला गायगॅक्स अजिबात आवडत नाही.

यातलं १९७९ चं डंजन मास्टर्स गाइड आमच्याकडे आहे. एका सीनियरच्या मामांनी अमेरिकेतून आणलेलं, बाइंडिंग सुटलेलं. त्यात लढाईचा एक राउंड म्हणजे पुन्हा तोच एक मिनिट, आणि त्याचे सहा-सहा सेकंदांचे दहा सेगमेंट. दोन्ही बाजू एकेक फासा टाकतात, मोठा आकडा त्याची पाळी आधी. इथपर्यंत ठीक. पण मंत्र म्हणायला वेळ लागतो. अग्निगोळ्याला तीन सेगमेंट. लांब तलवारीचा वेगाचा आकडा पाच. आता जादूगारावर तलवार चालली तर नियम असा, की हरलेला फासा तलवारीच्या पाचातून वजा करा आणि उरलेल्याची मंत्राच्या तीनशी तुलना करा. लहान असेल ते आधी.

त्या शनिवारी रूममेटचा फासा पडला पाच, माझ्या राक्षसाचा तीन. ती जिंकली, नाचलीसुद्धा. मी वजाबाकी केली. पाचातून तीन गेले, उरले दोन, आणि दोन हे तीनपेक्षा लहान. म्हणजे तलवार आधी! घाव बसला, मंत्र वाया गेला, जादूगार मेला. फासा जिंकूनही का मेले, हा तिचा प्रश्न होता आणि माझ्याकडे पान दाखवण्यापलीकडे उत्तर नव्हतं. हेच माझ्या राक्षसाला तीनऐवजी एक पडला असता, तर ती वाचली असती. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रेस कंडिशन शिकवतात ना, तसलाच प्रकार.

मिनिटभरात एकच वार का, याचं कारण त्याने पुस्तकात दिलंय. या वेळात हुलकावण्या, अडवाअडवी, पवित्रे सगळं चालू असतं आणि फासा म्हणजे त्यातली एक खरी संधी. पटण्यासारखं आहे. पण मला वाटतं खरं कारण साधं आहे. तो मिनिट सैन्यासाठी बनवला होता. वीस-वीस माणसांच्या तुकड्यांना तो शोभतो. बोळात चौघांच्या मारामारीला तो ढगळ होतो, म्हणून आत दहा सेगमेंट शिवले, आणि ते जुळेनात म्हणून वेगाचे आकडे. ठिगळावर ठिगळ. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मिनिट गेला आणि अख्खा राउंडच सहा सेकंदांचा झाला, म्हणजे पूर्वीचा एक सेगमेंट!

आणि आता ऐका. बऱ्याच वर्षांनी गायगॅक्सने मोकळेपणी कबूल केलं की असले बरेच बारकावे तो स्वतःच्या टेबलावर वापरायचाच नाही. तलवारीच्या वेगाचे आकडेसुद्धा त्यातच. जगभर लोक त्या पानांवर भांडत होते, आणि हा आपला झटपट फासा टाकून पुढे जात होता.

कंपनीत मात्र त्याला असं करता आलं नाही. डॉन के १९७५ मध्येच हृदयविकाराने गेला होता आणि पुढे शेअर्सचा मोठा वाटा ब्लूम बंधूंकडे गेला. १९८३ नंतर गायगॅक्स हॉलिवूडमध्ये खेळाच्या कार्टूनच्या मागे असताना इकडे कंपनी कर्जात बुडाली. तो परत आला, राखून ठेवलेले शेअर्स विकत घेऊन मार्च १९८५ मध्ये प्रमुख झाला. त्याला वाटलं, फासा आपण जिंकला. पण ब्लूम बंधूंनी आपला वाटा लोरेन विल्यम्सना विकला. त्यांना कंपनीत आणलं होतं त्यानेच. ऑक्टोबर १९८५ मध्ये बोर्डाने त्याला काढलं. तो कोर्टात गेला, हरला आणि १९८६ मध्ये कंपनी सोडली.

नंतर त्याने बरेच खेळ आणि कादंबऱ्या लिहिल्या, पहिल्यासारखं काही जमलं नाही. तब्येत बिघडल्यावरही लेक जिनिव्हाच्या घरी तो लोकांना बोलावून खेळ चालवायचा. ४ मार्च २००८ रोजी तिथेच गेला, ६९ वर्षांचा. मी तेव्हा बालवाडीतही नव्हते.

नवव्या दिवशी मी हे सगळं रूममेटला सांगितलं. आधी ती पाच मिनिटं हसली, मग उशी फेकून मारली. जादूगाराला जिवंत करू का, असं मी विचारलं. तर नको म्हणाली, मेला तो मेला. रात्री तिने नवं पात्र बनवलं. या वेळी मंत्रबिंत्र काही नाही. लांब तलवार घेतलीय.