नांगर विकणारी माणसे

बेळगावच्या बाजारपेठेतील किर्लोस्कर रोडला हे नाव कसे मिळाले, याची माहिती आज तेथे खरेदीला येणाऱ्या तरुणांना बहुधा नसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटले की लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी एवढेच चटकन आठवते. यंत्रे घडविणारा कारखानदार म्हणून त्यांचे चरित्र अनेकांनी सांगितले आहे. परंतु घडविलेला माल लोकांपर्यंत पोहोचविणारी माणसे त्यांनी कशी हेरली आणि त्यांना वाढायला किती मोकळीक दिली, ही बाजू त्या मानाने उपेक्षित राहिली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांत त्यांचे मन अधिक रमे. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले आणि चित्रकलेचा मार्ग खुंटला. मग त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलले गेले. त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगाव गाठले. एकदा शरीराच्या उणिवेने व एकदा वरिष्ठांच्या मर्जीने दार बंद झालेला हा माणूस पुढे इतरांची पारख करताना पदवीकडे फारसा पाहत नसे, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान आधीच सुरू केले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात, अशी वाटणी होती. सायकल ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू. ती घेणाऱ्याला चालवता येईलच असे नव्हते. म्हणून सायकल शिकविण्याचीही सोय दुकानाने ठेवली होती आणि त्यासाठी पंधरा रुपये घेतले जात. वस्तूबरोबर तिच्या वापराची विद्याही विकावी लागते, हा विक्रीकलेचा पहिला धडा दोघा भावांनी असा गिरवला.

दुसरा धडा महाग पडला. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर १९०३ मध्ये लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण तो कोणी घेईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीला विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये घट्ट बसली होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. भांडवल बेताचे असलेल्या कारखान्यात न विकलेले नांगर पडून राहणे म्हणजे काय, हे ज्याने छोटा धंदा केला आहे त्यालाच कळेल. येथे अडचण यंत्राची नव्हतीच. शेतकऱ्याच्या मनातील भीती हातोड्याने ठोकून काढता येत नव्हती. त्यासाठी निराळ्या प्रकारची माणसे हवी होती.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन दिली. मार्च १९१० मध्ये तेथे वसाहत उभी राहू लागली. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर लक्ष्मणरावांनी जमविलेली मंडळी पाहिली तर आजचा एखादा मनुष्यबळ अधिकारी चक्रावून जाईल. शाळेत अपयशी ठरलेले के. के. कुलकर्णी तेथे व्यवस्थापक झाले. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता म्हणून पुढे आले. रात्रीच्या राखणीचे काम तर पूर्वी दरोड्यांबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांवर सोपविले होते.

विक्रीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची निवड ठरली ती शंकररावांची. हे लक्ष्मणरावांचे पुतणे, सोलापूरचे डॉक्टर वासुदेवराव यांचे चिरंजीव, जन्म १८९१चा. त्यांनी शिक्षण घेतले होते चित्रकलेचे. घरचाच मुलगा घेतला यात कसली पारख, असे कोणी म्हणेल, आणि त्या आक्षेपात तथ्यही आहे. किर्लोस्करवाडीच्या कारभारात कुटुंबाचा वाटा मोठा होता. पण घरच्या मुलाला गल्ल्यावर बसविणे निराळे आणि कुंचला धरणाऱ्या तरुणाला कारखान्याची जाहिरात सोपविणे निराळे. ज्या काळात जाहिरात म्हणजे मालाचे नाव आणि पत्ता छापणे एवढीच अनेकांची कल्पना होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. स्वतःची चित्रकला रंगांपाशी अडली, तरी चित्राची ताकद काय असते हे लक्ष्मणराव जाणून होते.

१९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत न्यावी, हा तिचा मूळ हेतू. मात्र संपादकाची भूक तेवढ्याने भागेना. हळूहळू त्या पानांत उद्योग, समाज, साहित्य आणि शंकररावांची स्वतःची व्यंगचित्रे आली. नांगर मागे सरकला. खर्चाचा हिशेब घेऊन बसणाऱ्या मालकाने येथे लगाम खेचला असता. पत्रिका वाढत गेली, यावरून लक्ष्मणरावांनी तो खेचला नाही, असेच म्हणावे लागते. माझ्या मते कर्तबगार माणसाला जपण्याचा कठीण भाग हाच असतो: त्याचे काम आपल्या गरजेच्या चौकटीबाहेर जाऊ लागले की मालकाचा हात आपोआप आखडतो.

नावातील ‘खबर’ पुढे गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेली ती पत्रिका अशा कितीतरी मराठी घरांत वाचली जात होती, जेथे कोणी कधी नांगर धरलाच नव्हता.