दप्तरांचा शोध घेणारे इतिहासाचार्य

इतिहास लिहायचा तर आधी त्याची अस्सल साधने हाती हवीत, या एका विचारासाठी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्य वेचले. कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे १८६३ मध्ये त्यांचा जन्म झाला. १८९१ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे लवकरच पत्नीचे निधन झाले. राजवाडे यांनी पुन्हा संसार मांडला नाही. नोकरीतही त्यांचे मन रमले नाही.

त्या काळी मराठ्यांच्या इतिहासावर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफ यांच्या ग्रंथाचा प्रभाव होता. राजवाडे यांना त्यातील साधनांची अपुरी बाजू खटकत होती. मात्र नुसती टीका करून भागणार नव्हते. प्रतिपक्षापुढे पुरावा ठेवायला हवा होता. हा पुरावा जुन्या सरदारांच्या, मुत्सद्द्यांच्या आणि कुलकर्ण्यांच्या घरी, माळ्यावरच्या मोडी रुमालांत बांधलेला होता. वाळवी आणि पावसाचे पाणी तो रोज थोडाथोडा गिळत होते. कित्येक कागद रद्दीच्या भावाने विकले जात होते. शिवाय, कागद दाखविले तर इनामावर गदा येईल, या धास्तीने घरमालक दारातूनच नकार देत. राजवाडे गावोगाव हिंडले, तासन्‌तास बसून नकला केल्या आणि तारखा व संदर्भ जुळवून पत्रांचा अर्थ लावला.

या कष्टाचे पहिले फळ १८९८ मध्ये हाती आले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा होता. पानिपतच्या मोहिमेत गुंतलेल्या माणसांची चिंता, पैशाची टंचाई आणि परस्परांतील बेबनाव त्यात समकालीनांच्या लेखणीतून प्रकट झाला. दंतकथेच्या जागी कागद उभा राहिला. या मालेचे एकूण २२ खंड निघाले.

एकट्याच्या धडपडीला संस्थेचा आधार हवा, हे जाणून ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद गोळा करणे, जतन करणे आणि अभ्यासकांपुढे ठेवणे हे या मंडळाचे कार्य ठरले. राजवाडे यांचा स्वभाव मात्र तडजोडीचा नव्हता. मतभेद वाढले, तसे ते मंडळापासून दूर झाले. 'राधामाधवविलासचंपू' आणि 'महिकावतीची बखर' यांच्या संपादनांसह त्यांचे संशोधन अखेरपर्यंत सुरू राहिले. त्यांची काही अनुमाने पुढील अभ्यासकांनी खोडून काढली. पण ती खोडण्यासाठी लागलेली कित्येक साधनेही राजवाडे यांनीच वाचविलेली होती.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. १९२७ मध्ये त्याच गावी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. तेथे त्यांचा संग्रह सांभाळला गेला. आज मोडी वाचणारे हात कमी झाले आहेत आणि जुन्या घरांतील न उघडलेले रुमाल अजून शिल्लक आहेत. म्हणूनच राजवाडे यांची पायपीट हे संपलेले प्रकरण नव्हे.