फॅरेडेची वाकडी नळी आणि टॉवरखालचा जनरेटर

मायकल फॅरेडे म्हटलं की आपल्याला शाळेतलं चुंबक आणि तारेचं वेटोळं आठवतं. मला मात्र त्याची १८२३ सालची एक वाकडी काचनळी जास्त आवडते. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर गारवा करायची युक्ती तिच्यातच आहे.

फॅरेडे जन्मला १७९१ मध्ये, लंडनजवळ. वडील लोहार, घरात पैशांची चणचण. चौदाव्या वर्षी पोरगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत सुटला. पुढे हम्फ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून त्याने टिपणं काढली, स्वतः बांधली आणि थेट डेव्हीलाच पाठवली. (याहून भारी बायोडेटा मी पाहिलेला नाही!) १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला.

आता ती नळी. सिल्व्हर क्लोराइडची पूड अमोनिया वायू शोषून घेते. अशी अमोनिया प्यायलेली पूड फॅरेडेने वाकड्या नळीच्या एका टोकाला ठेवली आणि नळी बंद केली. ते टोक तापवलं, दुसरं थंड ठेवलं. पुडीतून अमोनिया बाहेर पडला आणि कोंडलेल्या दाबामुळे थंड टोकाला त्याचा द्रव झाला. मग तापवणं थांबवलं. पूड निवली, परत अमोनिया ओढू लागली, तसा तिकडचा द्रव उकळायला लागला आणि ते टोक गारेगार झालं. ना पंप, ना मोटर. नुसती उष्णता!

काम जिवावरचं होतं. अशा नळ्या फुटायच्या. एका स्फोटात त्याच्या डोळ्यातून काचेचे १३ तुकडे काढावे लागले. त्यात क्लोरीनचा द्रव केल्याच्या श्रेयात डेव्हीने वाटा मागितला आणि रॉयल सोसायटीतल्या निवडीलाही विरोध केला. फॅरेडे १८२४ मध्ये तरीही निवडून आला. नंतर त्याच सोसायटीचं अध्यक्षपद चालून आलं, तेव्हा त्याने नाकारलं. फ्रिज बनवण्याच्या भानगडीत मात्र तो पडला नाही, विजेकडे वळला. १८५९ मध्ये फर्दिनां कारे या फ्रेंच माणसाने अमोनिया आणि पाण्यावर, आगीच्या उष्णतेने चालणारं बर्फाचं यंत्र आणलं. फॅरेडे १८६७ मध्ये गेला.

वीज न पोचलेल्या जागी मोबाइल टॉवर डिझेल जनरेटरवर चालतो. डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा कामी येते. बाकीची धुरातून आणि रेडिएटरमधून उडून जाते. वर त्याच जनरेटरच्या विजेवर यंत्रांच्या खोलीचा एसी! रेडिएटरचं पाणी ८०-९० अंश तापलेलं असतं, आणि अ‍ॅडसॉर्प्शन चिलरला तेवढं पुरतं. त्यात पुडीच्या जागी सिलिका जेल असतं (हो, बुटाच्या खोक्यातली ती छोटी पुडी) आणि अमोनियाच्या जागी पाणी. जेलचे दोन कप्पे असतात. एक तापतो तेव्हा दुसरा शोषतो, म्हणून गारवा चालू राहतो.

मग सगळीकडे हे का दिसत नाही? जितकी उष्णता द्यावी त्याच्या साधारण निम्माच गारवा मिळतो, यंत्र अवजड आणि महाग. पण माझ्या मते खरी गोची वेगळीच आहे. नळीचं दुसरं टोक थंड ठेवणं फॅरेडेला लंडनच्या हवेत सोपं होतं. ४५ अंशांच्या उन्हात, पाण्याची बोंब असताना, ते टोक थंड ठेवायचं कशाने?