बाळशास्त्री जांभेकर आणि मोबाईलमधलं घड्याळ

पिंगुळीत मॅप उघडला की निळा ठिपका तुमच्या जागेवर येतो. ही सगळी करामत घड्याळांची. जीपीएसची वेळ एका मायक्रोसेकंदाने चुकली, तर अंतर ३०० मीटरने चुकतं.

आपल्याच सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्यात १८१२ साली जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पण’मुळे सगळ्यांना माहीत आहेत. १८३२ साली त्यांनी हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं. पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवलं आणि मुंबईची कुलाबा वेधशाळाही सांभाळली. १८२६ ची ही वेधशाळा तारे बघून अचूक वेळ काढायची, जहाजांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून. मुंबईजवळ घड्याळ ४ सेकंद चुकलं, तर जहाजाची जागा पावणेदोन किलोमीटर चुकणार!

१८४६ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी बाळशास्त्री गेले. आज ताऱ्यांच्या जागी उपग्रहांतली अणुघड्याळं आहेत. नियम मात्र तोच: वेळ चुकली की जागा चुकली.